देवापुढे जाताना : चर्चमध्ये आणि प्रार्थनेत नवख्या असणाऱ्यांसाठी

रात्रभर जाळं मारून पेत्र नावाच्या मच्छीमाराच्या हाती काही लागलं नव्हतं. सकाळी तो किनाऱ्यावर जाळी धुवत होता. आमच्याकडे होडी रिकामी परत आली की जे होतं तेच तिथेही झालं असणार: कुणी कुणाशी फारसं बोलत नाही, हात तेवढे जाळ्यावर चालत राहतात. अशा वेळी येशूने त्याला पुन्हा खोल पाण्यात जायला सांगितलं. पेत्र गेला, आणि इतकी मासळी लागली की जाळी फाटायला आली, दोन होड्या बुडायच्या बेताला आल्या.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, पाचव्या अध्यायातला हा प्रसंग. पेत्र पुढे जे करतो तिथे मी दर वेळी थांबते. एवढी मासळी पाहून कुठलाही मच्छीमार आधी पाट्या मागवील. पेत्र मात्र त्या मासळीतच येशूच्या पायांशी पडला आणि म्हणाला, प्रभू, माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे. येशू दूर गेला नाही. भिऊ नकोस, म्हणाला, आणि त्यालाच बरोबर घेऊन निघाला.

देवापुढे नम्रतेने जायचं म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी ही होडी दाखवते. समोर कोण आहे हे कळलं म्हणून गुडघे टेकले, आणि त्याने हाक मारली म्हणून उठून मागोमाग चालू लागला. दोन्ही लागतं. नुसते गुडघे टेकून राहिलं तर मनात धास्ती बसते, आणि नुसतं मागे चालत सुटलं तर सलगी होते.

मी सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या कॅथलिक घरातली. बरीच वर्षं आमच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते. मुलांपेक्षा मोठी माणसं मला जास्त अडचणीचे प्रश्न विचारतात, तेही बाजूला घेऊन, हळू आवाजात. लग्न होऊन आलेली सून, शेजाऱ्यांच्या घरच्या दुःखात पहिल्यांदा चर्चमध्ये आलेला माणूस, वीस वर्षं मुंबईत राहून सुट्टीत गावी आलेला आणि मिस्सेचं, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचं, सगळं विसरलेला आमचाच कुणी. कुठे बसू, कधी उठू, काय बोलू, आणि मुख्य म्हणजे, मी आलेलं चालेल का? त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. माझी एक जवळची मैत्रीण वेंगुर्ल्याची, तिचं घराणं प्रोटेस्टंट. तिच्या मंडळीच्या, म्हणजे तिच्या चर्चच्या, उपासनेलाही मी जाते, म्हणून तिकडची रीतही जमेल तिथे सांगते.

आदल्या दिवशी

तयारी घरी सुरू होते, आणि तीही कपड्यांपासून नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो: तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. नीट वाचलंत तर दिसेल, तुमच्या मनात भावाविरुद्ध काय आहे हे तो विचारतच नाही. भावाच्या मनात काय आहे, ते बघ म्हणतो.

आमच्या आणि चुलत दिरांच्या आगरामध्ये एक गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, आहे. एका पावसात तो ढासळला, आणि पुन्हा रचला तेव्हा हातभर आमच्या बाजूला सरकला, असं माझं म्हणणं. तीन महिने बोलणं बंद. एका रविवारी मिस्सेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू झालं आणि ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे’ इथे माझे ओठ हलेनात. दीर तीन बाकं पुढे उभे होते. त्यांच्या सदऱ्याची कॉलर मागून उसवली होती, दोरे लोंबत होते. त्यांची बायको, माझी जाऊ, वारल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी इतके रविवार त्यांच्या मागे बसत होते आणि ती कॉलर मला त्या दिवशी दिसली. त्या रविवारी मी कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायला, गेले नाही. संध्याकाळी सुई-दोरा घेऊन त्यांच्या खळ्यात गेले. गडगा अजून तिथेच आहे, हातभर आमच्या बाजूला.

सगळी भांडणं एका शनिवारात मिटत नाहीत, हे मला ठाऊक आहे. निदान एक फोन करा, निरोप धाडा, पहिलं पाऊल तुमचं असू दे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. ज्यांनी मार खाल्ला आहे, ज्यांना धाकात ठेवलं गेलं आहे, त्यांना कुणी ‘आधी त्याच्या पाया पडून ये, मग देवाकडे जा’ असं सांगत असेल तर ते ऐकू नका. सूड सोडणं वेगळं आणि पुन्हा त्याच घरात जाऊन मार खाणं वेगळं. मार खाणं देव तुमच्याकडून मागत नाही.

बाकीची तयारी थोडकी आहे. मिस्सेची किंवा उपासनेची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा, सणासुदीला ती बदलते. कपडे स्वच्छ, साधे, खांदे आणि गुडघे झाकतील असे. ठेवणीतलीच साडी हवी असं काही नाही. कॅथलिकांनी कम्युनियन घेण्याआधी निदान एक तास काही खायचं नसतं. पाणी आणि औषध चालतं, आणि आजारी माणसांना व त्यांची काळजी घेणाऱ्यांना ही अट नाही.

दाराशी

आमच्या चर्चच्या आवारात एक नळ आहे. सकाळचा बाजार आटोपून परस्पर मिस्सेला येणारी एक म्हातारी मासेवाली तिथे पाटी उतरवते. आधी हात धुते, कोपरापर्यंत. मग एक पाय, दुसरा पाय. बोटं नाकाशी नेऊन बघते, वास जात नाही, पुन्हा धुते. ओले हात पदराच्या आतल्या बाजूला पुसते आणि मग तोच पदर सरळ करून डोक्यावरून घेते. दारातल्या पवित्र पाण्यात बोटांची टोकं बुडवते, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, अशी क्रूसाची खूण करते. आत घंटा झालेली असली तरी यातलं काहीही ती घाईत करत नाही. नव्या माणसांना मी सांगते, लवकर या, दाराशी थोडं थांबा आणि ती कशी आत जाते ते बघून घ्या.

चपला काढायच्या का, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. बहुतेक चर्चमध्ये लोक चपला घालूनच आत जातात आणि त्यात अनादर मानत नाहीत. काही ठिकाणी, विशेषतः खाली बसून प्रार्थना करायची असते त्या जागी, दाराबाहेर काढतात. बाहेर चपलांची रांग दिसली तर तुम्हीही काढा. बायबलमध्ये जळत्या झुडपापाशी देवाने मोशे संदेष्ट्याला हेच सांगितलं होतं: पायातलं काढ, तू उभा आहेस ती भूमी पवित्र आहे. आणि आपल्या रीतीने देवाला नमस्कार केला तर चर्चमध्ये कसंसंच दिसेल, अशी कुणाला भीती असेल तर तीही सोडा. १९६९ साली रोमने भारतातल्या बिशपांच्या, म्हणजे धर्मप्रांतांच्या प्रमुखांच्या, बारा सूचनांना मान्यता दिली. त्यांत पादत्राणं काढणं, जमिनीवर बसणं, गुडघा टेकवण्याऐवजी हात जोडून वाकून नमस्कार करणं, पंचांग प्रणाम, आरती, हे सगळं आहे. कुठे काय करायचं ते तिथले बिशप ठरवतात, म्हणून गावागणिक फरक दिसेल. पण हात जोडणं परकं नाही. रोममध्येही नाही आणि आमच्या किनाऱ्यावरच्या रेडीतही नाही.

आत गेल्यावर वेदीजवळ एक तांबडा दिवा तेवताना दिसेल. तिथल्या लहान कुलूपबंद पेटीत मिस्सेत पवित्र केलेली भाकर ठेवलेली असते, आणि तिच्यात ख्रिस्त स्वतः उपस्थित आहे अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. बाकावर शिरण्याआधी लोक त्या दिशेने उजवा गुडघा जमिनीला टेकवतात तो यासाठी. गुडघा दुखत असेल तर मान लववा. प्रोटेस्टंट चर्चमध्ये असा दिवा नसतो. तिथे माणसं जागेवर बसली की डोकं टेकून लहानशी प्रार्थना करतात आणि मगच शेजाऱ्याला ‘जय ख्रिस्त’ म्हणतात.

मोबाइल बंद करा. नुसता आवाज बंद नको, मोबाइलच बंद.

बसल्यावरची पाच मिनिटं

मला विचाराल तर या सगळ्यात हाच भाग मोठा, आणि हाच सगळ्यांचा हुकतो. आपण धावतपळत येतो, बसतो आणि लगेच मागायला लागतो. परीक्षा, कर्ज, पाय दुखतो, पोराची नोकरी. ‘उपदेशक’ या पुस्तकात म्हटलं आहे, देव स्वर्गात आहे आणि तू पृथ्वीवर, तेव्हा तुझे शब्द थोडके असू देत. बायबलमधलं हे वाक्य मी धर्मशिक्षणाच्या वर्गात फळ्यावर लिहून ठेवत असे, आणि खाली दुसरं काही लिहीत नसे.

करायचं एवढंच. पाठ ताठ, हात मांडीवर. श्वास जरा मंद होऊ द्या. मनात एकदा म्हणा, ‘तू इथे आहेस. मी आलो आहे’ किंवा ‘मी आले आहे.’ आणि थांबा. मन लगेच पळेल. गॅस बंद केला का, गाडी सावलीत लावायला हवी होती, पुढच्या बाकावरची ती कोण. मनाला रागावू नका, तेच वाक्य पुन्हा म्हणा. पाच मिनिटांत वीसदा पळालं तर वीसदा म्हणा. सुरुवातीला ही शांतता जड वाटते, कारण तिच्यात आपलं काही चालत नाही. मागताना निदान आपण काहीतरी करत असतो. इथे नुसतं कुणाच्या तरी समोर असायचं असतं. मोठ्या माणसाच्या घरी गेल्यावर त्याने विचारेपर्यंत आपण थांबतोच की.

चूक कबूल करताना

मिस्सेच्या आरंभी सगळे मिळून आपली पापं कबूल करतात. विचारात, शब्दांत, कृतीत घडलेली, आणि करायला हवं होतं ते न केल्याची. त्या वेळी मूठ छातीवर हळूच मारतात. मैत्रिणीच्या मंडळीतही उपासनेच्या सुरुवातीच्या भागात पापांगीकार असतो.

हे छातीवर मारणं लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराची आठवण करून देतं. मंदिरात दोघं प्रार्थनेला गेले. परुशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, उभा राहून देवाचे आभार मानू लागला, की मी इतरांसारखा नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दहावा हिस्सा देतो. जकातदार लांब उभा राहिला, वर बघायलाही धजला नाही, ऊर बडवत म्हणाला, हे देवा, मज पाप्यावर दया कर. आणि येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

मुलं मला नेहमी विचारत, परुशी खोटं बोलत होता का? नाही. तो उपास करत असणार, दशांशही देत असणार. त्याची चूक मला अशी दिसते, की देवापुढे उभं राहून तो बाजूच्या माणसाकडे बघत होता. आपणही बघतो. अमकी दर रविवारी येत नाही, तमक्याला गीताची चाल येत नाही. ज्या क्षणी मी चर्चमध्ये हजेरी घ्यायला लागते त्या क्षणी मी त्याच्या रांगेत जाऊन उभी राहते.

जकातदाराचं सोंगही घेता येतं, हेही सांगायला हवं. ‘मी तर काय, मी अगदीच तुच्छ’ असं चारचौघांत म्हणणाऱ्याला आतून ‘छे छे, तुम्ही कसले तुच्छ’ हे ऐकायचं असतं. म्हणून कबुली नेमकी ठेवा. ‘मी वाईट आहे’ असं मोघम नको. ‘मंगळवारी आईवर ओरडलो. कामवालीचे दोन दिवसांचे पैसे कापले आणि ते चूक होतं हे मला तेव्हाच कळलं होतं.’ एवढं बोललं की पुढे काय करायचं तेही कळतं: आईला फोन आणि कामवालीचे पैसे.

कॅथलिकांना फादरांजवळ खाजगीत कबुली देता येते. आमच्याकडची जुनी माणसं त्याला कुमसार म्हणतात. बऱ्याच वर्षांनी जात असाल तर तसं सरळ सांगा, ‘फादर, मला पद्धत आठवत नाही’. ते एकेक पायरी सांगत नेतील. तिथे बोललेलं बाहेर सांगायला फादरांना सक्त मनाई आहे, कुठल्याही कारणाने.

उठणं, बसणं, गुडघे टेकणं

यात फार अडकू नका. पुढच्या बाकावरच्यांकडे बघत राहिलात की कळतं. पहिलं वाचन आणि स्तोत्र बसून ऐकायचं, शुभवर्तमान उभं राहून. शुभवर्तमानाच्या आधी लोक अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर लहान क्रूस काढतात: तुझं वचन माझ्या मनात, बोलण्यात आणि हृदयात असू दे. भाकर आणि द्राक्षारस पवित्र करताना गुडघे टेकतात. तब्येतीमुळे जमत नसेल तर बसून राहा, कुणी काही म्हणणार नाही. मात्र बसलात तरी पायावर पाय टाकून, बाकावर हात पसरून बसू नका. अंगाला जी सवय लावू ती मनाला हळूहळू लागते, हे मी स्वतःवर अनुभवलं आहे. ज्या सकाळी मला काहीच वाटत नसतं त्या सकाळी गुडघे टेकलेले असतात म्हणूनच मी तिथे असते.

गीतं येत नसतील तर ऐका. मैत्रिणीच्या चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हातात देतात. त्यातली कितीतरी गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. हे टिळक कोकणातलेच. १८६१ साली दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसाने अभंगाच्या, भजनाच्या वळणाने करावी हा त्यांचा ध्यास होता. त्यामुळे वारकरी घरातून आलेल्या माणसालाही त्या चाली ओळखीच्या वाटतील.

‘तू’ म्हणून

देवाशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणू का, असं एका नव्या सुनेने मला विचारलं होतं. सासऱ्यांना तुम्ही, फादरांना तुम्ही, आणि देवाला तू? तिचा प्रश्न मला फार आवडला. मराठीत आपण आईला तू म्हणतो आणि देवालाही तूच म्हणतो. दोन्हीकडे त्या ‘तू’मध्ये मान कमी होत नाही. ख्रिस्ती प्रार्थनेतही तेच चालत आलं आहे. मराठी बायबलमध्ये येशूबद्दलसुद्धा ‘येशू म्हणाला’ असंच येतं. तेव्हा बिनधास्त ‘तू’ म्हणा. फक्त ते आईला म्हणतो तसं असू द्या, टपरीवरच्या दोस्ताला म्हणतो तसं नको.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर येशूने शिकवलेली प्रार्थना पुरेशी आहे. ती पाठ असलेलेच ती सगळ्यात जास्त घाईत म्हणतात. म्हणून एकदा सावकाश बघू या. पहिला शब्द ‘हे आमच्या’. ‘माझ्या’ नाही. एकटा खोलीत बसून म्हणतो तेव्हाही गडग्यापलीकडचा दीर माझ्या बाजूला उभा असतो. मग ‘स्वर्गातील’, म्हणजे तो माझ्या मुठीतला नाही. आणि लगेच ‘पित्या’, म्हणजे तो लांबचा नाही. पेत्राच्या होडीतल्या दोन्ही गोष्टी या तीन शब्दांत आल्या. पुढे तीन मागण्या त्याच्यासाठी: तुझं नाव पवित्र मानलं जावो, तुझं राज्य येवो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मग कुठे भाकर. तीही रोजची, आजच्यापुरती, कोठारभर नाही. मग ऋणांची माफी, जिथे माझे ओठ अडकले होते. मग वाइटापासून सुटका.

घरी एकदा ही प्रार्थना दहा मिनिटं लावून म्हणा. एक ओळ, मग थांबायचं, पुन्हा एक ओळ. शेवटी ‘आमेन’. मूळ इब्रीत या शब्दात पक्कं, भरवशाचं असा अर्थ आहे. ‘हे असंच असो’ अशी त्यावर आपली सही.

नवसाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण आपला किनारा नवसांचा आहे आणि आमच्या ख्रिस्ती घरांतही ते बोलले जातात. अडचणीत देवाला काही कबूल करणं आणि ते पाळणं, यात कृतज्ञता असते, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ‘पोराला व्हिसा मिळाला तर अमुक मेणबत्त्या, नाही मिळाला तर नाही’ असं मनात आलं की थांबा. तो सौदा झाला, आणि सौद्यात दोघं बरोबरीचे असतात. मागणं मोकळेपणाने मागा, रडून मागा, पुन्हा पुन्हा मागा. शेवटी गेथशेमाने बागेत येशूने जोडलं तेच वाक्य जोडा: माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. हे वाक्य सोपं नाही. माझे वडील आजारी असताना ते तोंडातून यायला मला कित्येक आठवडे लागले. तोवर मी त्याच्या आधीचाच भाग म्हणत होते, आणि देवाने तोही ऐकून घेतला असं मी मानते.

ख्रिस्तप्रसाद आणि प्रभुभोजन

मिस्सेत लोक रांगेने पुढे जातात आणि ख्रिस्तप्रसाद घेतात. बाप्तिस्मा होऊन पहिलं कम्युनियन झालेल्या कॅथलिकांनीच तो घ्यायचा असतो. तुम्ही पाहुणे असाल तर जागेवर बसून राहा. यात तुमचा अपमान नाही आणि कुणी वळून बघणार नाही. बसलेल्यांनीही त्या वेळी आपल्या मनाने प्रार्थना करावी. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाचे नियम वेगवेगळे आहेत. पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, आधी विचारा.

घेणाऱ्यांसाठी: हातावर घेत असाल तर डावा तळहात वर, उजवा त्याच्या खाली. प्रसादाला उजवा हात पुढे करायची आपली सवय, त्यामुळे हे उलटं वाटतं. पण उजव्या हाताच्या बोटांनी उचलून मुखात घालायचं असतं, म्हणून तो मोकळा ठेवायचा. फादर ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतात, तुम्ही ‘आमेन’ म्हणा, आणि तिथेच, चालायला लागण्याआधी घ्या. जागेवर येईपर्यंत तळहाताकडे एकदा बघा, कण राहिला नाही ना. घेण्याच्या जरा आधी सगळे म्हणतात, की प्रभो, तू माझ्याकडे यावंस एवढी माझी योग्यता नाही, पण तू शब्द मात्र बोल. हे शब्द मुळात रोमन शताधिपतीचे, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याचे. परका, परधर्मी, सत्ता हातात असलेला माणूस. चाकरासाठी विनवणी करताना त्याने येशूला घरी यायचा त्रास दिला नाही. दर मिस्सेत आम्ही सगळे त्याच्या मागे उभे राहून तेच बोलतो. तेव्हा ‘मी परका आहे, मी आलेलं चालेल का’ असं जे मला विचारतात, त्यांना मी हा शताधिपती दाखवते.

घरी, रोज

मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, प्रार्थना करताना खोलीत जा, दार लाव, आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोल. आपल्या घरांत दार लावता येईल अशी खोली सगळ्यांना नसते. पहाटे चूल किंवा गॅस पेटवण्याआधीची मागची पडवी चालते. माझ्या आईची जागा विहिरीच्या कठड्यावर होती. वेळ ठरलेली असावी आणि जागा तीच असावी. पंधरा दिवसांत ती जागा दिसली की मन आपोआप खाली बसतं.

दहा मिनिटं धरा. दोन मिनिटं गप्प. एक स्तोत्र, तेही सगळं नको, चार ओळी, मोठ्याने. मग कालच्या दिवसातली एक गोष्ट आभाराची आणि एक कबुलीची. मग इतरांसाठी मागा, नावं घेऊन. स्वतःसाठी शेवटी. जपमाळ म्हणणारी घरं रात्री जेवणाआधी एकत्र बसतात. नवख्या माणसाने त्यात नुसतं बसलं तरी चालतं, दहा ‘नमो मारिया’ प्रार्थना होईपर्यंत ताल सापडतो.

‘परमेश्वराचं भय’ हा शब्द बायबलमध्ये सारखा भेटेल आणि नवख्या माणसाला तो टोचतो. दर्यावर जाणाऱ्या घरातला माणूस तो लगेच ओळखतो. माझे काका म्हणायचे, दर्याला जो भीत नाही त्याला मी होडीत घेत नाही. ते स्वतः चाळीस वर्षं दर्यावर गेले. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात, तेव्हा ते रोज संध्याकाळी उगाचच वाळूवर जाऊन बसायचे. दर्याला भिणारा तो माणूस दर्याशिवाय राहू शकत नव्हता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर म्हटलं आहे, की कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जा. भीत भीत लांब राहा, असं तिथे कुठेही नाही.

निघताना

शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत जागा सोडू नका, गाडी लावायची अडचण असली तरी. शेवटचं गीत संपलं की एक मिनिट बसा. मग बाहेर या आणि कुणाशी तरी बोला. आमच्याकडे मिस्सेनंतर माणसं अर्धा तास आवारातच असतात. नवा चेहरा दिसला की विचारपूस होते, कुणाचे, कुठले. त्यात खोचून विचारणं नसतं, सांगा. फादरांना भेटून ‘मी नवीन आहे’ एवढं सांगितलंत तर पुढचं ते बघतील.

नळापाशी ती मासेवाली पदर कमरेला खोचून उभी असते. पाटीत उरलेली मासळी असते, वर ओलं फडकं. पाटी एकटीला डोक्यावर चढत नाही. जो जवळून जाईल त्याला ती हाक मारते, फादर असोत नाहीतर पहिल्यांदा आलेला पाहुणा असो: “वायच हात लाव रे.”